डावा दरवाजा

खाली पडलेलं फडकं मेलं, असं बाबा म्हणायचे. मेलं म्हणजे मेलंच. झटकून, फुंकर मारून, 'काही नाही झालं' म्हणत ते पुन्हा गाडीवर फिरवायचं नाही. मोहरीच्या दाण्याहून बारीक खडा त्यात अडकलेला असतो, आणि मग जितकं घासावं तितके ओरखडे. "आपल्याला वाटतं माया करतोय, आणि आपण बोचकारत असतो," हे बाबांचं ठरलेलं वाक्य.

भिंगरीला हा नियम पाय फुटल्यापासून पाठ होता. भिंगरी हे तिचं घरातलं नाव, एका जागी ठरत नाही म्हणून पडलेलं. आता ती दहावीत होती आणि यंदा तिच्या जिभेलाही पाय फुटले होते. शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून भीड म्हणून कुणाची उरली नव्हती. गणिताच्या बाईंची फळ्यावरची चूक तिनं भर वर्गात उठून दाखवली. मुलींच्या संडासाची कडी सहा महिने तुटलेली होती, त्याचा जाब तिनं थेट मुख्याध्यापिकांना विचारला, आणि आठवड्यात नवी कडी बसली. "ही उद्या न्यायाधीशालाही गप्प बसवेल," आई म्हणायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे आईलाच ठाऊक.

अशा या मुलीला पाच शब्दांचं एक वाक्य दोन महिने बोलता आलं नाही, त्याची ही गोष्ट.

बाबा मोटार शिकवायचे. निम्मं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, कारण निम्म्या गावानं त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा क्लच सोडला होता आणि पहिल्यांदा गाडी बंद पाडली होती. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, स्टिअरिंग सोडून त्यानं देवाचा धावा सुरू केला, की मास्तरांचा उजवा पाय त्या ब्रेकवर पडायचा आणि सगळे वाचायचे. एकवीस वर्षांत तो पाय एकदाही उशिरा पडला नव्हता.

घरची गाडी वेगळी. ती काळी, चौकोनी, भिंगरीपेक्षा दीड वर्षानं मोठी. घरात सगळे तिला म्हातारी म्हणायचे, पण रंग असा की म्हातारीच्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा. त्याला कारण रविवार. रविवारी सकाळी बाबा तिला सावलीत घ्यायचे. दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. फडकं एकीत बुडवायचं, दुसरीत खळबळायचं, कधी उलटं नाही. धुणं टपापासून खाली. मग बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून हात फिरवायचा, कारण उघड्या बोटाला जी कचकच लागत नाही ती पिशवीतल्या बोटाला लागते. मग पॉलिश, अगदी थोडं, सरळ रेघांत. ते वाळलं की आरशावर 'हाः' केल्यासारखा पांढुरका थर दिसतो. तो कोरड्या फडक्यानं पुसला की खालून रंग उघडतो. एकूण चार फडकी. दोन धुण्याची, एक लावायचं, एक पुसायचं. काम झालं की चारही धुऊन मागच्या दोरीवर.

धुण्यात भिंगरीला भागीदारी होती. पॉलिश मात्र बाबा एकटे करायचे. त्यात दुसऱ्याचा हात म्हणजे देवपूजेत दुसऱ्यानं घंटा वाजवणं.

दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी बाबा "झालं" म्हणून आंघोळीला गेले आणि भिंगरी सहज गाडीभोवती फिरली. मागच्या डाव्या दिव्यापाशी तळहाताएवढा पांढरा डाग राहिला होता. तिला आधी हसू आलं. मास्तर चुकले. तिनं कपाटातून एक जुनं मऊ फडकं काढलं, डाग पुसला, फडकं धुतलं आणि वाळत टाकलं. बाबांना सांगून चिडवायचं होतं, पण ते राहून गेलं.

पुढच्या रविवारी डाग दोन तळहातांएवढा होता. त्याच्या पुढच्या रविवारी मागच्या डाव्या दाराचा खालचा अर्धा भाग. उजवीकडे मात्र एक ठिपका नाही.

त्या दिवशी जेवताना भिंगरी मुद्दाम बाबांच्या डावीकडे बसली. लहानपणीचा त्यांचा एक खेळ होता. आई बोलत असली की भिंगरीनं डोळे तिरळे करून गाल फुगवायचे आणि बाबांनी घास नाकात जाईपर्यंत हसायचं. तिनं डोळे तिरळे केले, गाल फुगवले. मग जीभही काढली. बाबा शांतपणे जेवत होते. समोर बसलेली धाकटी खिदळली आणि बाबांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली.

आईला शंका येत नव्हती असं नाही. आई टपालकचेरीत होती; वीस वर्षं शिक्के मारून तिची अशी सवय झाली होती की शिक्का दिसला की तिच्या लेखी प्रश्न मिटला, आणि दिसला नाही तर ब्रह्मदेव आला तरी मिटत नाही.

"तुम्ही एकदा डोळे दाखवून या," ती एका रविवारी सकाळी म्हणाली.

"रोज तुलाच तर दाखवतो."

"चेष्टा नकोय. काल धाकटीला धडकलात."

"ती धडकली. मांजरासारखी पायात पायात येते."

"आणि चहा? कप इकडे, धार तिकडे."

बाबांनी रुमालानं तोंड पुसलं. "बाहेर जा. गाडी बघ. ज्याला दिसत नाही त्याच्या हातची गाडी अशी असते का?"

आई खरोखरच चपला घालून बाहेर गेली. चारी बाजूंनी फिरली, वाकून बघितलं, डाव्या दारात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा कपाळावरची बट मागे सारली. "गाडी तर लख्ख आहे," ती आत येऊन म्हणाली. शिक्का मिळाला होता.

तो शिक्का भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशात होता, फडक्याच्या घडीत. अजून ओलसर, पॉलिशचा वास येणारा.

खरं सांगायचं तर तिला तेव्हा छान वाटलं होतं. बाबांची बाजू लढवली आणि जिंकली, तीही तोंड न उघडता. संध्याकाळी बाबा गाडीपाशी गेले आणि डाव्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. भिंगरीला वाटलं, स्वतःच्या कामावर खूश आहेत.

मग एका बुधवारी ती शाळेतून आली तर म्हातारीच्या डाव्या दारावर दोन हात लांब निळा पट्टा. फाटकाचा खांब निळा होता, बाबांनीच रंगवलेला. खांबाला काळं लागलं होतं आणि डावा आरसा आत दुमडलेला होता. सोळा वर्षं बाबा त्या फाटकातून गाडी अशी आत घ्यायचे की दोन्हीकडे बरोबर चार बोटं उरायची. शिकायला आलेल्यांना ते ती चार बोटं मोजून दाखवायचे.

आई साडेपाचला यायची. पाच वाजत आले होते.

भिंगरीनं बिस्किटांच्या जुन्या डब्यातून रबिंगची ट्यूब काढली. रबिंग म्हणजे पॉलिशचा खाष्ट थोरला भाऊ. तो रंग खातो. म्हणून अगदी वाटाण्याएवढं घ्यायचं, हलक्या हातानं घासायचं, थांबायचं, बघायचं. तिनं तसंच केलं. निळा हळूहळू फडक्यावर आला. वर पॉलिशचा हात दिला. मग मागच्या पडवीतला निळ्या रंगाचा उरलेला डबा आणून खांबाचं काळं झाकलं. आरसा उघडला.

धाकटी दारात उभी होती. ती दुसरीत होती आणि तिला प्रश्न विचारायचा रोग होता.

"ताई, काय करतेस?"

"अभ्यास."

"खांबावर?"

"चित्रकलेचा."

धाकटीनं खांबाकडे बघितलं. "मग मार्क कोण देणार?"

भिंगरीनं तिला आत पिटाळलं. दाराकडे बघितलं तर कुठे काही झालं होतं असं कुणाच्या बापाला कळलं नसतं. हे मनात आलं आणि तिला कसंसंच झालं.

ते वाक्य तिनं त्याच संध्याकाळी तयार केलं. आई, बाबांना डावीकडचं दिसत नाही. पाच शब्द. वादविवादात तिनं सात मिनिटं न अडखळता बोलून दाखवलं होतं. स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागे जाऊन ती तीनदा उभी राहिली. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "भूक लागली असेल तर सांग की, भुतासारखी काय उभी राहतेस." आणि भिंगरी म्हणाली, "हो, भूक लागलीय."

कारण ते वाक्य एकदा बोललं की परत घेता येत नव्हतं. मग बाबांना कुणी शिकवायच्या गाडीत बसवलं नसतं. रस्त्यात माणसं 'काय मास्तर' म्हणून हात करायची, तो हात बाबांना दिसायचा नाही. आणि हे सगळं आपल्या जिभेनं केलं असं आयुष्यभर वाटत राहणार. कडी तुटली असेल तर मुख्याध्यापिका नवी बसवतात. डोळ्याचं कुणाला सांगायचं?

अशातच आजीला घरी आणायचं ठरलं. आजी म्हणजे आईची आई. डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि येत्या रविवारी तिला सोडणार होते. तासाभराचा वळणांचा रस्ता, जाताना दरी डाव्या हाताला.

"कंपाउंडर भाऊजींना विचारू का चालवायला?" आईनं गुरुवारी विषय काढला. भिंगरी बोळात वही घेऊन बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

कंपाउंडर शेजारी राहायचे. बाबांच्याच हाताखाली शिकले होते आणि परीक्षेत तीनदा आपटले होते.

"तो?" बाबा म्हणाले. "त्याला मागून पायी माणसं ओलांडून जातात. शिवाय हॉर्न वाजवून दुसऱ्याची माफी मागतो."

"हळू जातात, पण पोचतात."

"म्हणजे मी पोचत नाही?"

आईचा आवाज खाली आला. "पोरींना घेऊन जायचंय. येताना आईला. तिचा खुबा नुकताच शिवलाय. मला फक्त..."

"रविवारी सकाळी पॉलिश करणार आहे," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण आत काहीतरी ताणलेलं होतं. "गाडी बघ. मग ठरव कुणाबरोबर बसायचं."

"बरं. बघते आणि बसते," आई म्हणाली.

ठरलं. भिंगरीच्या वहीवर तोवर एकच वर्तुळ इतक्यांदा गिरवून झालं होतं की कागद फाटला.

रविवारी बाबा लवकर उठले. धुताना एरवी त्यांच्या तोंडाची टकळी चालायची, कुठला शिकाऊ कसा म्हशीला घाबरला वगैरे. आज काहीच नाही. भिंगरी पाणी आणत होती, बादल्या बदलत होती. टप झाला, बॉनेट झालं. बोटांवर पिशवी चढवून त्यांनी प्रत्येक पत्रा तपासला. मग पॉलिश. मग पुसणं. एवढ्या निगुतीनं त्यांनी म्हातारीला कधीच हात लावला नव्हता. उजवीकडचं दार पुसून झाल्यावर त्यांनी दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघितलं, नवरीला बघतात तसं.

"झालं," ते म्हणाले. "कपडे करतो. आईला म्हणावं, ये बघायला."

ते पायरी चढून आत गेले. चढताना डावा हात आधी चौकटीवर ठेवला.

भिंगरी डावीकडे गेली. मागचं दार पांढरं. दाराच्या मागचा पत्रा पांढरा. पुढचं दार अर्ध्यापर्यंत पांढरं. गाडीच्या त्या बाजूला जणू धुकं उतरलं होतं.

फडकं तिच्या खिशातच होतं. चार मिनिटांचं काम. तिचा हात आता इतका सराईत झाला होता की डोळे मिटूनही जमलं असतं. तिनं घडी उलगडली.

तेवढ्यात धाकटी दप्तर घेऊन आली. दवाखान्यात आजीला दाखवायला चित्रांची वही आणि रंगाच्या पेट्या भरल्या होत्या. ती रोज बाबांबरोबर या गाडीतून शाळेत जायची आणि रोज एकाच जागी बसायची, मागे, डावीकडे, खिडकीशी. तिनं पांढरं दार उघडलं, दप्तर आत ढकललं, चढून बसली आणि दार ओढून घेतलं. काचेतून तिचं डोकं तेवढं दिसत होतं.

"ताई, चल ना," ती आतून म्हणाली. "तुझा अभ्यास झाला?"

भिंगरीनं हात पुढे केला. फडकं दाराला टेकणार होतं. मग तिनं बोटं सैल केली.

ते पडलं. मातीत, बादलीतून सांडलेल्या पाण्याच्या कडेला. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि उचललं नाही.

आई केस बांधत बाहेर आली. उजवीकडून सुरुवात केली, समाधानानं मान हलवली, मागून वळसा घातला. मग तिची पावलं थांबली. केसांतला हात तिथेच राहिला. तिनं बोट लावून बघितलं, बोटावर पांढरं आलं. काही वेळ ती नुसतीच बोटाकडे बघत होती. मग भिंगरीकडे, मग मातीतल्या फडक्याकडे.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. विचारलं नाही.

"हो."

"कधीपासून?"

"दोन महिने."

आईनं काचेआडच्या डोक्याकडे बघितलं. "दोन महिने," ती हळू म्हणाली. "ही पोर रोज याच गाडीतून शाळेत जातेय."

वादविवादात समोरच्याचा मुद्दा खोडायला अर्धं मिनिट मिळतं. भिंगरीनं ते फाटकाकडे बघण्यात घालवलं. फाटकाच्या खांबावर निळा रंग नवाकोरा चमकत होता.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, किल्ली बोटाभोवती फिरवत आले. दोघींना तसं उभं बघून त्यांची किल्ली फिरायची थांबली. ते गाडीच्या डावीकडे आले आणि मागच्या दारावर तळहात ठेवला. तळहात अडकत अडकत सरकला, पीठ सांडलेल्या ओट्यावरून सरकावा तसा. त्यांनी हात उलटा करून डोळ्यांसमोर, अगदी समोर धरला.

"आज राहिलं," ते म्हणाले.

त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"मी चार फडकी वापरतो." ते भिंगरीशी बोलत होते, पण बघत भलतीकडे होते, ती त्यांच्या डावीकडे उभी होती. "दोरीवर दर रविवारी पाच वाळत असायची. दुसऱ्याच रविवारी लक्षात आलं माझ्या."

"मग बोलला का नाहीत?" भिंगरीचा आवाज फाटला.

"तू का नाही बोललीस? तुझं तर तोंड चालतं." ते रागावून म्हणाले नाहीत, तेच जास्त लागलं. "वाटायचं, पाच फडकी आहेत तोवर चालतंय. ज्या दिवशी चार दिसतील त्या दिवशी बघू."

"त्या बुधवारी खांबाला..." भिंगरी म्हणाली.

"आवाज आला होता मला. उतरून हात लावला तेव्हा खरखरीत लागलं. दुसऱ्या दिवशी हात लावला तर गुळगुळीत." ते हसल्यासारखं काहीतरी करून थांबले. "छान काढलंस. माझ्यापेक्षा छान."

भिंगरीला आयुष्यात इतकी नको असलेली शाबासकी कुणी दिली नव्हती.

बाबांनी किल्ली आईपुढे धरली. आईचा हात किल्लीच्या थोडा डावीकडे, बाबांच्या डाव्या अंगाला होता. किल्ली हवेत तशीच राहिली, मग आईनंच हात पुढे नेऊन ती घेतली. "बोलावते भाऊजींना," ती म्हणाली. एवढंच. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, परवा शिकवायच्या गाडीच्या मालकाशी बोलायचं, हे सगळं त्या एवढ्यात आलं होतं. बाबांनी मान हलवली आणि शर्टाची बाही उगाचच नीट केली.

कंपाउंडर आले, ओशाळलेले, हातात चालवण्याचा परवाना घेऊन. जणू मास्तर तो तपासणार होते. "मास्तर, मी आपला हळूहळूच नेतो," ते म्हणाले.

"आरसा आधी बघ," बाबा म्हणाले. "मग पट्टा."

आई मागे मधे बसली, एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला भिंगरी. बाबा पुढे डाव्या सीटवर बसले. दार पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही. फाटकातून निघताना कंपाउंडरांनी दोन्हीकडे एकेक हात जागा सोडली, दोनदा थांबले, आणि समोर कुणी नसताना हॉर्न वाजवला. धाकटी हसली. तिच्याशिवाय कुणी हसलं नाही.

डोंगराचा रस्ता लागला. दरी डावीकडून सोबत चालू लागली. धाकटीनं काच खाली केली, हात बाहेर काढून दारावरच्या पांढऱ्यात बोटानं काहीतरी काढू लागली, आणि आईनं तिचा हात आत घेतला.

भिंगरी कंपाउंडरांच्या मागे होती. तिथून तिला बाबांची मान, कान आणि गुडघा दिसत होता. मान सरळ होती. दरीकडे ते बघत नव्हते. पहिलं वळण आलं, कंपाउंडरांना ते थोडं उशिरा उमगलं, आणि बाबांचा उजवा पाय झटकन पुढे होऊन जोरानं खाली दाबला गेला. एकवीस वर्षांत उशीर न झालेला पाय, आताही वेळेवर.

घरच्या गाडीत तिथे नुसती रबराची मॅट होती.

पुढचं वळण आलं. पाय पुन्हा दाबला गेला. भिंगरीनं वळणं मोजायची नाहीत असं ठरवलं, आणि दवाखाना येईपर्यंत मोजत राहिली.